नावापुरतं

लाइफबोटीच्या जुन्या शेडमध्ये आम्ही पाच जण,
रॉकेलचा हीटर सहावा.
बाहेर मेयोचा किनारा, जानेवारी, चारलाच संध्याकाळ.
मॅलकी बॅरोमीटरच्या काचेवर बोटाने टकटक करतो,
आत कुणी आहे का, विचारल्यासारखं.
नऊशे एकोणऐंशी.
काटा अजून खालीच बघतोय.

फिंटन फोन सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवतो.
हे युरोपचं मॉडेल, हे अमेरिकेचं;
एकात ते उद्या रात्री आपल्या उंबऱ्यावर,
दुसऱ्यात आइसलँडकडे निघून जातं,
ओळख न दाखवता.
"नाव द्यायलाच हवं," तो म्हणतो,
"बिननावाचं असलं की लोक
धक्क्यावर कुत्री फिरवायला जातात."

"म्हणून काय प्रत्येक शिंकेचं बारसं करायचं?"
मॅलकी. चाळीस वर्षं दीपगृहाची यंत्रं सांभाळलेला.
आधी नारिंगी इशारा येऊ दे.
त्याच्या लहानपणी वादळांना नावं नसत,
हकिकती असत:
शाळेचं छप्पर गेलं ते,
बर्कच्या गाढवाचं ते
(गाढव सापडलं, दोन शेतं पलीकडे,
चरत होतं).

डेर्व्हला चहा ओतता ओतता:
"मागचं आठवतं? नाव मोठं, लक्षण खोटं.
दोन कचरापेट्या आणि माझा एक टॉवेल.
दुकानातला पाव मात्र सकाळीच संपला होता."

यादीत पुढचं नाव, गोब्नेट.
इथे अट्रॅक्टा पहिल्यांदा हसते.
एकतीस वर्षं रोज सकाळी नऊला
ती पर्जन्यमापकातलं पाणी मोजते,
लग्नाच्या दिवशीही मोजलं होतं.
"गोब्नेट माझी मावशी.
दार लावायची तेसुद्धा कडी हातात धरून,
वाजू नये म्हणून.
तिच्या नावाने कुणाचं छप्पर उडणार?"

मग झोतांचा वेग, समदाब रेषा,
किती तासांत किती मिलिबार,
मग कुणाचा अंदाज कुठल्या साली चुकला ते.
नाव ठेवायला बसलो होतो,
एकमेकांना नावं ठेवण्यावर आलो.

कोलमन कोपऱ्यात दोरीची गाठ सोडवत होता.
मान वर न करता म्हणाला,
"आमच्या डॉनलला नेलं त्या वाऱ्याला नाव नव्हतं.
नाव होतं ते नावेला. रोशीन.
निळ्या रंगात मीच लिहिलं होतं,
शेवटचं अक्षर जरा तिरकं."

हीटर फुरफुरला.

"त्या दिवसाची नोंद मी जाऊन पाहिली.
पश्चिम-वायव्य, दहा. पाऊस मधूनमधून.
बस, एवढंच.
शिव्या घालायच्या तरी कुणाला?
पश्चिम-वायव्येला?"

कुणी काही बोललं नाही.
फिंटनने फोन पालथा ठेवला,
मग राहवेना म्हणून पुन्हा उलटला: अजून पिवळाच.
मॅलकीने काचेवर टकटक केली,
या वेळी फार हळू.
नऊशे सत्याहत्तर.
"नाव असतं तरी तो गेलाच असता, कोलमन."
"हो," कोलमन म्हणाला. "गेलाच असता."
गाठ सुटली होती. त्याने ती पुन्हा मारली.

मतं घेतलीच नाहीत.
बाहेर पडलो तर वारा पार पडलेला,
समुद्राला कसलासा जुन्या पितळेचा रंग,
आणि लिंचच्या मेंढ्या
दगडी बांधाच्या पूर्वेला
आधीच एकमेकींना चिकटून बसलेल्या.

अट्रॅक्टाने गाडीतल्या दिव्याखाली
नोंदवही उघडली.
शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं, गो,
आणि थांबली.
उरलेलं उद्या, नऊ वाजता,
मापक जागेवर असला तर.